लिकाच्या बर्फखान्यातला उजेड

आमच्या धक्क्यावर लिका फुर्ताडोच्या दुकानातून पाण्याखालचा दिवा घ्यायचा असेल, तर आधी अंधारात जावं लागतं. दुकानाच्या मागे जुना बर्फखाना आहे. माझ्या लहानपणी तिथे बोटींसाठी बर्फ फोडायचे. आता बर्फ नाही, आणि खिडक्या तर कधीच नव्हत्या. भिंती हातभर जाड. दार ओढून घेतलं की भर दुपारी स्वतःची बोटं दिसत नाहीत. लिका गिऱ्हाइकाला आत नेते, विजेच्या दोन किटल्या लावते आणि खोलीत वाफ कोंडेपर्यंत त्याला गप्प उभं करते. मग अंधारातून तिचा आवाज येतो.

"हं. लाव आता तुझा दिवा."

माझी जागा कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यावर. केपवरच्या, म्हणजे आमच्या या भूशिरावरच्या, उन्हाळी नाटक कंपनीत माझी उमेदीची वर्षं गेली. एका मोठ्या गोठ्याचं आम्ही नाट्यगृह केलं होतं. ती कंपनी बंद पडल्यापासून मला अंधारात बसून दिवा लागण्याची वाट बघायला दुसरी जागा उरली नाही. लिकाची आई अमेलिया माझी बालमैत्रीण, म्हणून लिका मला टिया म्हणते, मावशी. टियाला तिकीट लागत नाही. बदल्यात मी तिच्या गिऱ्हाइकांसाठी मासा सोवादा, आमचा पोर्तुगीज अंड्याचा गोड पाव, भाजून नेते.

त्या मे महिन्यात प्रॉव्हिडन्स शहरातला एक हॉटेलवाला आला होता. मोठा देह, मोठा आवाज, आणि बरोबर मोटारीच्या हेडलाइटएवढा दिवा. खोल समुद्रातल्या बुडालेल्या बोटी बघायच्या म्हणून त्याने तो मुद्दाम मागवून घेतला होता. वाफेत त्याने तो लावला आणि आमच्यापुढे नुसती पांढरी भिंत उभी राहिली.

"अरेच्चा, काहीच दिसत नाहीये की!" तो म्हणाला.

"दिसतंय ना. वाफ दिसतेय. मस्त दिसतेय," लिका म्हणाली. "आपल्याकडचं पाणी असंच असतं, हिरवं, गढूळ. त्यात फाकलेला उजेड टाकलास की गाळच उजळणार. आता हा घे."

तिने त्याच्या हातात मनगटाएवढा दिवा दिला. सुईसारखा झोत निघाला, वाफेतून आरपार गेला आणि समोरच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या लिकाच्या हातावर पडला.

"किती बोटं?"

"एकच," हॉटेलवाला म्हणाला, "आणि ते बोट दाखवायला आमच्याकडे बंदी आहे."

तिघेही पोट धरून हसलो. त्याने तो छोटा दिवा घेतला. मग लिकाने त्याला आणखी दोन अगदी लहान दिवे दिले, छातीच्या पट्ट्याला अडकवायला. एक विझला तर दुसरा, दुसरा विझला तर तिसरा. "आणि हातातला मोठा दिवा पाण्याखाली असेपर्यंत बंद करायचा नाही. तोच तुझा आवाज. गोल फिरवला म्हणजे सगळं ठीक. आडवा झपाझप हलवला म्हणजे धाव. तो बंद झाला की तुझा सोबती समजणार, तू गेलास."

पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरांचं प्रकरण याहून लांब चालतं. हॉटेलवाल्याला सगळ्यात मोठी जोडी हवी होती. लिकाने ती त्याच्या पाठीवर चढवली आणि त्याला धक्क्याच्या लोखंडी शिडीवरून खालीवर करायला लावलं. दुसऱ्या खेपेला तो शिडीलाच मिठी मारून उभा राहिला.

"बोट हलत असताना असंच चढायचंय," लिका वरून म्हणाली. "आता सांग, कुठली जोडी?"

"जरा... जरा लहान."

"पोलादी घे. अॅल्युमिनियमची रिकामी होत आली की वर तरंगायला बघते, ऐन वर येताना छळते. आणि हवेचे तीन भाग कर. एक जायला, एक यायला."

"आणि तिसरा?"

"तिसरा तुझा नाही. तो तुझ्या सोबत्याचा."

हे वाक्य ती कुणाला सांगायची राहत नाही. मला ते दर वेळी नव्याने आवडतं. चांगल्या नाटकात एखादं वाक्य असतं, रोज ऐकूनही पडद्यामागचे लोक हातातलं काम थांबवतात, तसं.

लिका बुटकी आहे. पन्नाशी ओलांडली तरी मागून पाहिलं तर शाळकरी पोर वाटते. तिचे पापा, कप्तान बेल्मिरो फुर्ताडो, या बंदरातले नावाजलेले मासेमार. त्यांच्या बोटीचं नाव बायकोवरून ठेवलेलं, 'अमेलिया'. लिका त्या बोटीवरच मोठी झाली म्हणा ना. बोटींच्या पंख्यात दोर अडकले की कुणीतरी पाण्यात उतरून ते कापावे लागतात. विशीत असताना लिकाने ते काम धरलं तेव्हा धक्क्यावरचे पुरुष फार हसले. "बेल्मिरो, मुलीला आमिष म्हणून लावतोस काय?" कप्तान म्हणाले होते, "तुमच्यापैकी एकाला पोहता येतं का ते आधी सांगा." येत नव्हतं. मासेमाराला बहुधा येत नाही. हळूहळू सगळेच तिला हाक मारू लागले, आणि दोर कापता कापता तिने दुकान थाटलं.

आणि एका हिवाळ्यात 'अमेलिया' बुडाली.

माणसं सगळी वाचली. देवाची कृपा, असं सगळे म्हणाले, आणि कृपेचं बोलून झाल्यावर कुजबुजू लागले. डेक धुवायला समुद्राचं पाणी आत घेतात, त्या नळाचा व्हॉल्व्ह इंजिनाच्या खोलीत असतो. कप्तान तो बंद करायला विसरले, बोट आतून भरली, असं कुणीतरी म्हणालं. कप्तान म्हणत होते, बोटीला काहीतरी धडकलं, आवाज झाला. पण तो आवाज दुसऱ्या कुणी ऐकलेला नव्हता. सगळे झोपले होते.

लोक दोन महिने बोलले आणि विसरले. बेल्मिरो विसरले नाहीत. वाईट हे, की त्यांना स्वतःलाही खात्री नव्हती. एकदा स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून त्यांनी उजवा हात पुढे केला, हवेत अदृश्य चाक फिरवलं आणि म्हणाले, "हजार वेळा बंद केलाय, ग्रासिंडा. त्या रात्री केला का? हाताला आठवत नाही." त्यानंतर ते धक्क्यावर आले नाहीत. उन्हाळ्यात बोटींना आशीर्वाद द्यायला पाद्री येतात, सगळे कप्तान कोट घालून रांगेत उभे राहतात. बेल्मिरोंच्या घराची समुद्राकडची खिडकी त्या दिवशी बंद असते. अमेलिया वारली तेव्हाही शवपेटीमागून चर्चला जाताना ते धक्क्याचा रस्ता टाळून वरच्या गल्लीने गेले होते.

ज्या वर्षी तो हॉटेलवाला आला, त्याच वर्षी शिंपल्यांच्या एका बोटीचं तळ खरवडणारं लोखंडी जाळं बाहेरच्या पाण्यात अडकलं. ओढून काढलं तर त्यात 'अमेलिया'च्या कठड्याचा तुकडा, निळा रंग अजून शिल्लक. त्या बोटवाल्याने जागा लिकाला सांगितली. एकशे ऐंशी फूट खोल.

लिकाने ठरवायला एक रात्र घेतली. सकाळी पापांसमोर केल या पालेभाजीच्या सूपचा वाडगा ठेवून तिने सांगितलं. मी तिथेच कॉफी पीत होते.

"मी खाली जाणार. व्हॉल्व्ह बघून येते."

कप्तानांनी चमचा खाली ठेवला. "नाही."

"पापा, तुम्हाला कळायला नको?"

"आणि उघडा असला तर?"

लिकाने सूपच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"उघडा असला तर येऊन मला सांगशील? की खोटं बोलशील? मला तू दोन्ही करायला नकोयस. लिंग्विसा घाल अजून वाडग्यात, सॉसेजची एकच चकती दिसतेय. मी काय मांजर आहे?"

पण सूप तसंच राहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला आणखी किती उन्हाळे मिळणार! लिकाने ते पाहिलं आणि थॅडला फोन केला.

थॅड कोवालिक आमच्या बोट-कारखान्यात वेल्डर आहे. लिकाबरोबर खोल पाण्यात उतरणारा सोबती तोच. उंच, कमी बोलणारा. त्याने ऐकलं आणि एवढंच विचारलं, "कुठला दिवा घेतेस?"

तर आता गंमत ऐका. वर्षानुवर्षं जी बाई बर्फखान्यात किटल्या लावून लोकांना सांगते की झगझगाट कामाचा नाही, त्या बाईने स्वतःसाठी दुकानातला सगळ्यात झगझगीत दिवा उतरवला. हॉटेलवाल्याच्या दिव्याचा थोरला भाऊ. मी म्हटलं, "लिका, वाफेत लावून बघितलास का?"

"टिया, मला सगळं दिसायला हवंय. एकदम. सगळं."

हे गिऱ्हाइकाचं बोलणं होतं, आणि त्या दिवशी ती गिऱ्हाईकच होती.

इतक्या खोल साधी हवा घेऊन गेलं तर डोक्याला झिंग येते, म्हणून त्यात हेलियम मिसळतात. आपापलं मिश्रण स्वतः तपासायचं, सिलिंडरवरच्या पट्टीवर स्वतःच्या हाताने लिहायचं, असा त्यांच्यातला शिरस्ता. नवरा-बायको असले तरी एकमेकांचं तपासत नाहीत. लिकाने ते सगळं नीट केलं. पोलादी जोडी पाठीवर घेतली, नेहमीसारखी. जूनच्या एका शांत सकाळी ती आणि थॅड गेले.

परत आले तेव्हा मी धक्क्यावर होते. बोटीवरून उतरताना लिकाचा चेहरा बघून मला आमच्या कंपनीतली एक मुलगी आठवली. पहिल्याच प्रयोगाला वाक्य विसरून ती आत आली होती. तिच्या चेहऱ्याचा रंग असाच होता.

"दुधात उतरल्यासारखं झालं," ती म्हणाली. "माझाच दिवा माझ्या डोळ्यांवर. बोट उजव्या कुशीवर पडलीय. इंजिनाच्या खोलीच्या दारावर जाळी, एकावर एक, किती वर्षांची कोण जाणे. जवळ गेले तर माझ्या डोक्यामागे सिलिंडरच्या तोंडाला जाळी अडकली. मला दिसेना, हात पोहोचेना."

"मग?"

"मग काय, थॅडने कापली. तिसरा भाग वापरावा लागला. त्याचा."

थॅड मागून सिलिंडर उचलून आणत होता. "परत दे म्हणत नाहीये मी," तो म्हणाला. त्याच्या मानाने ते भाषणच झालं. मग सिलिंडर खाली ठेवून म्हणाला, "पण त्या दारातून आत जायचं असेल तर मी येणार नाही. आणि तूही जाणार नाहीस."

म्हणजे व्हॉल्व्ह गेला. आत जाता येत नाही, तर व्हॉल्व्ह कधीच दिसणार नाही.

त्या आठवड्यात लिका दुकानात होती आणि नव्हतीही. कुणी डोक्याचा टोप मागितला तर हातमोजे द्यायची. त्यांना तिथे नेणाऱ्या बोटवाल्याने सांगितलं होतं, ऑगस्टनंतर त्याची बोट दुसरीकडे ठरलेली आहे. आणखी एकच फेरी मिळेल. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. लिका मला बर्फखान्यात घेऊन गेली. किटल्या लावल्या आणि त्या मोठ्या दिव्याने वाफेत मारा करत बसली, जणू वाफेने माफी मागावी.

"आत जाता येत नाही ना," मी म्हटलं, "मग बाहेरून काय दिसतं?"

"बाहेर शेवाळ आहे, टिया. समुद्रफुलं आहेत, हाताएवढी. सगळ्या अंगावर. भिंत फुलांची. बोटीचा पत्रासुद्धा दिसत नाही."

"थॅडला दिसलं काही?"

"सगळं सपाट, म्हणाला."

सपाट. हा शब्द ऐकून मला ऑर्व्हिल आठवला. आमच्या कंपनीचा दिवेवाला. तोंडात कायम लवंग, गळ्यात कायम मफलर, उन्हाळ्यातसुद्धा. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, सगळे दिवे समोरून माझ्या तोंडावर हवेत. ऑर्व्हिल म्हणायचा, "पोरी, समोरून उजळलं की नट कागदाचा होतो. बाजूने उजळू दे, मग बघ, नाक कुठंय, गाल कुठंय, दुःख कुठंय." तो विंगेतून, रंगमंचाच्या कडेच्या पडद्यांआडून उजेड सोडायचा, आणि गोठ्याच्या फळ्यांचं जंगल व्हायचं.

"लिका, तो छोटा दिवा दे इकडे," मी म्हटलं. "आणि तुझा विझव."

"मोठा विझवायचा नसतो."

"हा बर्फखाना आहे बाई, समुद्र नाही. विझव."

तिने विझवला. मी खोक्यावरून उठले, गुडघे धरत भिंतीला जाऊन टेकले आणि झोत भिंतीच्या अंगाअंगाने, आडवा सोडला. ती भिंत मी लहानपणापासून बघत आले. चुन्याचे थर दिलेली, पांढरी, सपाट. आता तिच्यावर सावल्या उठल्या. बर्फ फोडणाऱ्यांच्या कुदळींचे घाव, एकाखाली एक. कुणीतरी कोरलेला मासा. आणि खाली, चुन्याखाली बुजलेलं, पोरसवदा अक्षरांत, 'बेल्मिरो'.

लिका भिंतीजवळ गेली आणि त्या नावावरून बोट फिरवलं. तिच्या बापाने लहानपणी इथे बर्फ फोडला होता, हे ती विसरलीच होती. मी दिवा पुन्हा समोर आणला. नाव गेलं. कडेला नेला. नाव आलं.

"टिया," ती हळूच म्हणाली, "पत्र्याला पोचा आला असेल तर फुलंही पोच्याप्रमाणेच उगवलेली असणार."

"ते तुमचं तुम्ही बघा. मला फक्त नटाचं नाक कळतं."

दुसऱ्या दिवसापासून दुकानाचा नूर पालटला. लिका आणि थॅड बर्फखान्यात तालमी करू लागले. हो, तालमीच. थॅडने डेकवरच्या लांब काठीला अरुंद झोताचा दिवा बांधला. तो भिंतीच्या कडेला, लिका समोर कॅमेरा घेऊन. अडचण एकच. लिकाचा स्वतःचा मोठा दिवा चालू राहिला की थॅडच्या उजेडाच्या सावल्या धुऊन जायच्या. तो विझवायला हवा. एकशे ऐंशी फूट खोल, जिथे दिवा विझणं म्हणजे माणूस गेला.

"मी तीनदा गोल फिरवेन," ती म्हणाली. "मग विझवेन. छातीवरचा लहान दिवा खाली वळवून चालू ठेवेन, तेवढा ठिपका तुला दिसेल."

थॅडने विचार केला. "आणि ठिपका दिसला नाही तर?"

"तर ये मला घ्यायला. तिसरा भाग आहेच."

"मागचा अजून परत केलेला नाहीस," थॅड म्हणाला.

सिलिंडरही तिने बदलले. पाठीवरची जोडी काढली आणि दोन्ही बगलांखाली एकेक, शरीराला समांतर लटकवला. तोंडं छातीपाशी, डोळ्यांसमोर, हाताशी. बोटीवर असताना पाठीवर काहीच नाही, पाण्यात उतरल्यावर एकेक अडकवायचा. हे तिच्यासारख्या बुटक्या बाईला किती सोयीचं, हे ती इतरांना नेहमी सांगायची, आणि स्वतः मात्र जुन्या जोडीला धरून होती, कारण 'अमेलिया'वरून पहिल्यांदा उतरली तेव्हा पाठीवरच होती. सवय. मी म्हटलं, "मीसुद्धा टाच झिजलेले बूट घालून वर्षानुवर्षं प्रवेश केले." ती म्हणाली, "आणि पडलीस?" "दोनदा. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या."

ऑगस्टात ते गेले. कप्तानांना कळलं होतं, कारण या बंदरात काही लपत नाही. त्यांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मी दिवसभर त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. ते घड्याळाकडे पाठ करून बसले होते. खाली वीसेक मिनिटं आणि वर यायला तास-सव्वातास, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. संध्याकाळी दार वाजलं. लिका. केस ओले, गालांवर पाण्यातल्या मास्कचा वळ.

कप्तान उठले. "बोल."

"बोलणार नाही," लिका म्हणाली. "तुम्ही म्हणालात ना, खरं सांगू नकोस आणि खोटंही सांगू नकोस. मग काहीच सांगत नाही. उद्या दुपारी बर्फखान्यात या. स्वतः बघा."

"बर्फखाना धक्क्यावर आहे."

"मला माहितीये कुठं आहे ते."

ती निघून गेली. कप्तान माझ्याकडे वळले. "तुला सांगितलं तिने?"

"नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. मलाही ठाऊक नव्हतं. अमेलियाची शपथ घेऊन सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लवकरच जाऊन माझ्या खोक्यावर बसले. समोरच्या भिंतीवर लिकाने चादर ताणली होती. छोटं प्रक्षेपण यंत्र फळीवर. थॅड दारात. कोणी येईना. मी नाटकात कितीदा तरी रिकाम्या खुर्चीकडे बघत पडदा वर जायची वाट पाहिलीय, पण इतकी कधी नाही.

मग दाराशी सावली पडली. कप्तान बेल्मिरो कोट घालून आले होते. आशीर्वादाच्या दिवशीचा कोट. खांद्यांवर ढिला झालेला. त्यांनी भिंतीकडे, छताकडे बघितलं. "इथे थंडी वाजायची," म्हणाले, आणि बसले. थॅडने दार ओढून घेतलं.

चादरीवर हिरवं उजळलं. पहिल्यांदा नुसतं पाणी आणि धुळीसारखे कण. मग काळोखातून फुलांची एक भिंत पुढे आली, पांढरी, गुलाबी, डुलणारी. सुंदर होती हो. लिकाचा दिवा तिच्यावर समोरून पडला होता. सगळं सपाट. कप्तानांचा श्वास मला ऐकू येत होता. काही दिसत नव्हतं. मला वाटलं, संपलं, काहीच नाही.

चादरीवरचा झोत तीनदा गोल फिरला. आणि विझला.

अंधार. बर्फखान्यातही, चादरीवरही. फक्त खाली एक ठिपका.

मग कडेने, डावीकडून, एक बारीक उजेड आला. फुलांच्या टोकाटोकांवरून सरकत, एकेक सावली लांब करत. सपाट भिंतीला अंग आलं. पत्र्याची वळणं दिसली, फासळ्यांसारखी. उजेड पुढे सरकला आणि एका जागी फुलं आत गेली. मोठा, परातीएवढा खळगा. त्याच्या मधोमध काळी, तिरपी रेघ, हातभर लांब. त्या रेघेतून एक मासा बाहेर आला, आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेला.

लिकाने चित्र तिथेच थांबवलं.

"थॅड," कप्तान म्हणाले. आवाज खरखरीत. "पत्र्याच्या कडा कुठे वळल्यात?"

"आत, कप्तान. मी हात घालून बघितलं. बाहेरून बसलाय धक्का. ओंडका असेल, नाहीतर जहाजावरून पडलेली लोखंडी पेटी. मी रोज पत्रे जोडतो, हे आतून होत नाही."

"पाण्याच्या रेषेखाली?"

"बरंच खाली. माशांच्या कोठीला लागून."

कप्तानांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "धप्प असा आवाज झाला होता," ते म्हणाले. "मी सगळ्यांना सांगितलं. मग हळूहळू मलाच वाटायला लागलं, मी तो नंतर रचला." थोड्या वेळाने म्हणाले, "व्हॉल्व्ह बंद केला होता का, ते मात्र मला अजूनही आठवत नाही, लिका."

"नका आठवू, पापा."

"त्या भेगेपुढे व्हॉल्व्ह म्हणजे गळकी तोटी," थॅड म्हणाला. "सगळे व्हॉल्व्ह बंद असते तरी बोट गेलीच असती. तुम्ही माणसं वेळेत काढलीत, हे मात्र वेल्डर म्हणून सांगू शकत नाही, माणूस म्हणून सांगतो."

कप्तान हसले की रडले, अंधारात कळलं नाही. मी तरी विचारलं नाही.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

लिकाने पुन्हा लावलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं, ते भेगेकडे बघतच नव्हते. ते बोट बघत होते. "तो बघ निळा," कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "अमेलियाने निवडला होता. मी म्हटलं, फार भडक आहे. ती म्हणाली, दुरून दिसू दे की घरी येतोयस ते." आणि एकदम लिकाकडे वळले. "आणि तू! लोकांना सांगतेस, खाली मोठा दिवा विझवायचा नाही. स्वतः काय केलंस? किती वेळ अंधार होता तो?"

"पापा, लहान दिवा चालू होता..."

"ठिपका होता! ठिपका म्हणजे दिवा? आणि तू रे, लांबोड्या, तू तिला विझवू दिलास?"

"मला ती विचारते कुठे?" थॅड म्हणाला.

दार उघडलं तेव्हा बाहेर ऊन होतं. मी त्यांना चुन्याखालचं त्यांचं नाव दाखवलं, दिवा कडेने धरून. ते वाकून बघत राहिले. "हे कोरल्याबद्दल मुकादमाने कान उपटला होता," म्हणाले, आणि कान चोळला, जणू आत्ताच उपटला.

पुढच्या शनिवारी लिका चार गिऱ्हाइकांना घेऊन जवळच्याच एका बुडालेल्या नावेवर निघाली होती. त्यांच्यात प्रॉव्हिडन्सचा हॉटेलवालाही होता, मनगटाएवढा दिवा आणि लहान जोडी घेऊन. बोटवाल्याने इंजिन सुरू केलं, आणि दोर सोडायला कोण म्हणून सगळे इकडेतिकडे बघू लागले. धक्क्यावर कप्तान बेल्मिरो उभे होते. कधी आले कुणाला कळलं नाही. घरच्या स्वेटरमध्ये, टोपी मागे सारलेली.

ते खुंट्याशी वाकले. "ही गाठ कोणी मारली?" त्यांनी वर बघितलं. "बोट बांधलीय की बूट?"

"मी," हॉटेलवाला म्हणाला.

"मग पोहायला शिकून घे."

बोलता बोलता त्यांच्या हाताने गाठ सोडली होती. त्यांनी हाताकडे बघितलंसुद्धा नाही. दोर गोळा झाला, हवेतून गेला आणि लिकाच्या हातात पडला. बोट सुटली. लिकाने बोटीच्या कठड्यावरून भर दुपारी छातीवरचा लहान दिवा काढला आणि तीनदा गोल फिरवला.

उन्हात तो कुणाला दिसला नसेल. कप्तानांनी टोपी काढली आणि तशीच, गोल, तीनदा फिरवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ग्रासिंडा, पाव आणलायस ना? चल, ते येईपर्यंत इथेच बसू."